कादंबरीतला भूगोल उपग्रहचित्रात कसा वाचावा

प्रश्न: कोल्हापुरात आमचा एक छोटा वाचनगट आहे. यंदा 'झोंबी', 'रारंगढांग', 'पावनखिंड' आणि 'पानिपत' वाचायला घेतल्यात. वाचता वाचता मोबाइलवर ती ठिकाणं शोधायची सवय लागलीय. पण नाव टाकलं की पिन पडते, पत्र्याची छपरं आणि हिरवे चौकोन दिसतात, कादंबरीतलं काहीच सापडत नाही. याची काही पद्धत आहे का? आणि कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं?

उत्तर: पद्धत आहे. सॉफ्टवेअर हा तिचा सगळ्यात छोटा भाग, म्हणून तो आधी उरकतो. संगणकावर गूगल अर्थ प्रो उतरवून घ्या. २०१५ पासून ते फुकट आहे. मोबाइलवरच्या नकाशात जे मिळत नाही ते त्यात मिळतं: जुनी चित्रं दाखवणारं घड्याळाचं बटण, मोजपट्टी, आणि आखलेल्या वाटेचा चढउतार. इस्रोचं भुवन आणि युरोपच्या सेंटिनेल उपग्रहांची चित्रं दाखवणारं कोपर्निकस ब्राउझर ही दोन्ही जोडीला ठेवा. एवढ्यावर सुरुवातीचं सगळं काम होतं.

माझं रोजचं काम उपग्रहचित्रं वाचण्याचं आहे. पंचगंगेचा पूर कुठवर आला, उसाखाली किती रान आहे, तलाव किती भरला, असल्या गोष्टी. या कामात चित्र उघडलं की पहिली नजर तारखेवर जाते. कादंबरी वाचणारा माणूस नेमकी तीच पाहत नाही. तुम्हाला कागल सापडलं, पण ते अलीकडच्या एखाद्या फेब्रुवारीतलं. 'झोंबी'तलं कागल साधारण १९४० ते १९५० च्या आसपासचं. मधल्या काळात जमिनीवर काय काय नवं आलं ते ओळखून एकेक करून मनातल्या मनात पुसायचं, आणि काय तसंच राहिलं ते धरून ठेवायचं. कादंबरीचा भूगोल वाचणं म्हणजे मुख्यतः ही वजाबाकी.

कागलवरच करून बघू. आनंद यादव तिथलेच, जन्म १९३५ चा, आणि 'झोंबी' (१९८७) हे त्यांचं स्वतःचंच बालपण, त्यामुळे गाव खरं की काल्पनिक हा प्रश्न उरत नाही. चित्रात काय दिसतं? गावाला खेटून जाणारा पुणे-बंगळूर महामार्ग, त्याच्या रुंद पट्ट्या, उड्डाणपूल. तो पुसा, रस्ता जुना आहे, पण हे रूप अलीकडचं. पंचतारांकित औद्योगिक वसाहतीची मोठमोठी निळी-पांढरी छपरं पुसा. साखर कारखाना पुसा. मग येतो ऊस. सलग हिरवागार ऊस पाहून वाचणाऱ्याची सगळ्यात मोठी फसगत होते. या पट्ट्यातला आजचा ऊस सहकारी कारखाने, विजेचे पंप, उपसा योजना आणि दूधगंगेवरचं काळम्मावाडी धरण यांच्या जोरावर उभा आहे. यादवांच्या लहानपणी मळ्याचं पाणी मोटेवर अवलंबून होतं, म्हणजे बैलांच्या आणि माणसांच्या अंगातल्या बळावर. म्हणून भिजणारं रान विहिरीभोवतीच्या काही तुकड्यांपुरतं होतं आणि बाकीचं माळरान, जिराईत. आजच्या चित्रातला हिरवा रंग निम्म्याहून जास्त काढून टाकल्याशिवाय त्या मुलाला शाळा सोडून मोटेमागं का राबावं लागलं, हे डोळ्यांना कळत नाही.

आता जे टिकलं ते बघा. गावठाणाचा दाट, वेडावाकडा पुंजका. त्यातल्या बोळांची ठेवण सहसा बदलत नाही. जयसिंगराव तलाव. दक्षिणेला वळणं घेत जाणारी दूधगंगा. शेतांचे बांध, कारण वाटण्या झाल्या तरी जुने मोठे बांध बहुधा जागेवर राहतात. आणि विहिरी. तुमच्या गटाला माझी खास विनंती आहे की विहिरी शोधाच. जुनी दगडी विहीर चांगल्या चित्रात गडद गोल किंवा चौकोनी ठिपक्यासारखी दिसते. मोट चालायची तिथं एका बाजूला बैलांची धाव असायची, उतरती, लांबट, तुडवून घट्ट झालेली. बहुतेक धावा आता नांगराखाली गेल्या, तरी काही विहिरींच्या कडेला एक सरळ पट्टी वेगळ्या रंगाची राहिलेली दिसते, किंवा बांधच तिच्याशी काटकोनात वळलेला असतो. हे ऑगस्टच्या चित्रात शोधू नका. माणसाच्या दुप्पट उंचीच्या उसात विहीर झाकून जाते. गळीत हंगाम संपत आल्यावरचं, मार्च-एप्रिलचं चित्र घ्या. रान मोकळं असतं आणि बांध उघडे पडतात.

याच्याही मागे जाता येतं. गूगल अर्थवरची स्पष्ट चित्रं साधारण २००० नंतरचीच आहेत. त्याआधीसाठी लँडसॅट आहे: पहिला उपग्रह १९७२ मध्ये गेला, आणि १९८२ पासूनच्या चित्रांत एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे ३० मीटर. त्यात विहीर दिसणार नाही, पण धरणं, कालवे आणि ऊस कसा पसरत गेला ते स्पष्ट दिसतं. त्याहून जुनी आणि तरीही बारीक चित्रं हवी असतील तर अमेरिकेच्या कोरोना हेरगिरी उपग्रहांची काळीपांढरी फिल्म आहे, १९६० ते १९७२ या काळातली. ती १९९५ मध्ये खुली झाली. तिच्या चांगल्या पट्ट्यांत दोनेक मीटरपर्यंतचा तपशील असतो. अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाच्या संकेतस्थळावर आपल्या भागावरून गेलेल्या पट्ट्या शोधता येतात, आणि आधीच स्कॅन झालेल्या असतील तर फुकट मिळतात. शिवाय १९५० च्या दशकात अमेरिकी लष्कराच्या नकाशा विभागानं भारताचे १:२,५०,००० प्रमाणाचे नकाशे छापले होते. टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयानं ते जालावर ठेवलेत. आपल्याकडचे भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० चे नकाशे तर हवेतच. कोल्हापूर आणि कागल दोन्ही ४७ एल या गटात येतात. ग्रामीण कादंबरी वाचताना मी उपग्रहचित्राच्या आधी हे कागदी नकाशे उघडतो, कारण त्यात ओढ्यांची, वाड्यांची, माळांची नावं असतात आणि चित्राला नाव नसतं.

नकाशाच्याही आधी मात्र पुस्तक. हातात पेन्सिल घेऊन एकदा फक्त भूगोलासाठी वाचा. कोण कुठून कुठे गेलं, चालत की गाडीनं, निघताना ऊन कुठल्या अंगावर होतं, किती वेळ लागला, नदी ओलांडली का, चढ होता का, कुठून काय दिसत होतं. लेखक अंतर क्वचितच सांगतो, वेळ मात्र वारंवार सांगतो. 'दिवस मावळता मावळता पोचलो' यातून कामचलाऊ अंतर काढता येतं: सपाटीला माणूस तासाला चारेक किलोमीटर चालतो, घाटात अडीच-तीन, डोक्यावर ओझं असलं तर आणखी कमी. अशी पाच-सहा वाक्यं जमली की ठिकाण आपसूक एका पट्ट्यात अडकतं. पिनवर विसंबू नका, याचं कारणही इथंच आहे. एकाच नावाच्या वाड्या एका तालुक्यातही दोन-दोन असतात, आणि पिन गावठाणावर पडते, गोष्ट मात्र शिवारात घडत असते.

वेळ आणि चढ यांची गाठ कशी पडते हे 'पावनखिंड' वाचताना चांगलं कळेल. पन्हाळा ते विशाळगड मोजपट्टीनं सरळ मोजलंत तर सुमारे ४० किलोमीटर भरतं. पायी वाट साठीच्या घरात जाते. हा वाढीव आकडा कुठून येतो ते पाहायला मसाई पठार, कुंभारवाडी, आंबेवाडी, माळेवाडी, पांढरपाणी अशी वाट आखा आणि तिचा चढउतार उघडा. पठारावर रेघ जवळजवळ आडवी जाते, आणि पुढे ओढ्यामागून ओढा ओलांडताना तिचे दात पडत जातात. पालखी खांद्यावर घेऊन धावणाऱ्यांना दमवलं असेल ते याच दातांनी.

पण इथं एक मोठी अडचण आहे, आणि ती सह्याद्रीतल्या प्रत्येक कादंबरीला लागू पडते. ती घटना जुलै १६६० मधली, भर पावसातली. जून ते सप्टेंबर सह्याद्रीवर ढग असतात आणि साध्या कॅमेऱ्याच्या उपग्रहाला ढगाखालचं दिसत नाही. म्हणून नकाशांवर चढवलेली चित्रं जवळजवळ सगळी हिवाळ्या-उन्हाळ्यातली निघतात. मसाई पठार तुम्हाला तांबूस, कोरडं, चालायला सोपं दिसतं. जुलैत ते निसरडं असतं, त्यावर पाणी साचलेलं असतं, आणि चित्रात रेघेएवढा दिसणारा ओढा कमरेएवढा होतो. ढगाआडून पाहणारे रडारचे उपग्रह आहेत, सेंटिनेल-१ त्यातलाच. पूर मोजायला आम्ही तोच वापरतो. पण त्याचं चित्र करड्या ठिपक्यांचं असतं, त्यातून पावसाळी डोंगराचा अनुभव मिळत नाही. त्यासाठी ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातलं सेंटिनेल-२ चं चित्र बघा. त्याचा ठिपका दहा मीटरचा असल्यानं बारकावे कमी, पण रंग खरा असतो: डोंगर अजून हिरवा असतो आणि ओढे वाहते.

'रारंगढांग'कडे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण उपग्रहाची मर्यादा इतकी स्वच्छ दाखवणारी दुसरी मराठी कादंबरी मला माहीत नाही. प्रभाकर पेंढारकर म्हणजे आपल्या भालजींचे चिरंजीव. त्यांनी लेफ्टनंट विश्वनाथला हिमालयात रस्ता बांधायला पाठवलं. रारंग खरोखर आहे, हिमाचलच्या किन्नौर जिल्ह्यात, रेकाँग पिओच्या पुढे, सतलजच्या खोऱ्यात. जुना हिंदुस्थान-तिबेट रस्ता याच खोऱ्यातून वर जातो; आजचा राष्ट्रीय महामार्ग ५.

ते खोरं पहिल्यांदा उघडलंत की एक चमत्कारिक गोष्ट होईल. नदी डोंगराच्या धारेवरून वाहतेय आणि धारा दरीसारख्या खोल गेल्यात असं वाटेल. घाबरू नका. हे उपग्रह आपल्या डोक्यावरून सकाळी साडेदहाच्या सुमारास जातात. तेव्हा ऊन आग्नेयेकडून येतं आणि सावल्या वायव्येला, म्हणजे पडद्यावर वर आणि डावीकडे पडतात. प्रकाश वरून येतो हे मेंदूनं जन्मापासून गृहीत धरलेलं असतं, म्हणून तो उंच-सखल उलटं वाचतो. चित्र फिरवून उत्तर दिशा खाली आणा. डोंगर लगेच डोंगर होतात. हिमालयात काम करताना मी पहिली गोष्ट हीच करतो.

आता ढांग, म्हणजे तो उभा कडा, शोधा. सापडणार नाही, निदान पुस्तकात आहे तसा तरी नाही. ज्या कड्यापुढे सगळी कादंबरी उभी आहे त्याची भिंत सरळ खाली जाते, आणि उपग्रह तर जवळजवळ डोक्यावरून पाहतो. सपाट शेत त्याला पूर्ण दिसतं, उतार थोडा आखूड दिसतो आणि उभी भिंत एका रेघेएवढी उरते. शिवाय तिथला रस्ता कडा आत कोरून काढलेला असतो. वर खडकाचं छत, एक बाजू दरीकडे उघडी. वरून पाहणाऱ्याला त्या ठिकाणी रस्ता तुटल्यासारखा दिसतो आणि पुढे पुन्हा सुरू होतो. तुम्ही चित्र तिरकं करून कडा समोरून पाहायला गेलात तर आणखी फसगत होते. गूगल अर्थमधला डोंगर म्हणजे उंचीच्या आकड्यांची जाळी आणि तिच्यावर पांघरलेलं चित्र. अशी एक बहुवापरातली जाळी अमेरिकेच्या अवकाशयानानं फेब्रुवारी २००० मध्ये रडारनं मोजली; तिचा चौकोन ३० मीटरचा. शंभर-दोनशे मीटरचा उभा कडा अशा तीन-चार चौकोनांत सरासरी होऊन तिरका उतार बनतो, आणि त्यावरचं चित्र खेचलेल्या रबरासारखं लांबट ओघळतं.

मग पाहायचं काय? कड्याची चिन्हं. रस्ता दोन्ही बाजूंनी येऊन जिथं नाहीसा होतो ती जागा. नदीच्या काठाशी पडलेले कोन आकाराचे दगडांचे ढीग, म्हणजे वरून सुटलेला राडारोडा. स्फोट करून रस्ता काढलेल्या जागेखाली ते ताजे आणि फिकट रंगाचे असतात. त्या जागेवर एका आड एक अशी पाच-सात वर्षांची चित्रं लावून बघा. दरड कुठं वारंवार उतरते, रस्ता कुठं सरकवला गेला, ढिगाऱ्यांनी नदी किती आवळली, हे सगळं उलगडत जातं. कादंबरीतली माणसं ज्या खडकाशी झगडतात तो अजून हरलेला नाही, हे मला त्या चित्रांच्या मालिकेत दरवेळी जाणवतं. आणि मग पुस्तकातलं कड्याचं वर्णन पुन्हा वाचा. जे यंत्राला दिसत नाही ते लेखकानं खाली उभं राहून, मान वर करून पाहिलंय. या एका बाबतीत पुस्तक हेच आपलं चांगलं चित्र आहे.

'पानिपत'चं (१९८८) उलटं. तिथं जमिनीवर उभं राहून काहीच कळत नाही, सगळं सपाट. वरून मात्र एका नजरेत युद्ध समजतं. विश्वास पाटील आपल्याच जिल्ह्यातले, त्यामुळे तुमच्या गटात ती बऱ्याच जणांची वाचून झालेली असणार. चार खुणा करा: दिल्ली, बागपत, पानिपत, कुंजपुरा. पानिपतहून कुंजपुरा उत्तरेला, सरळ रेषेत ३५-४० किलोमीटर. बागपत आग्नेयेला, यमुनेकाठी, साधारण ५५ किलोमीटर; आणि बागपतहून दिल्ली दक्षिणेला जेमतेम ३०-३५. ऑक्टोबर १७६० मध्ये भाऊसाहेब कुंजपुऱ्याला, म्हणजे अगदी वरती, आणि अब्दालीनं नदी ओलांडली बागपतला, खाली. एवढं दिसलं की पुढचं कोणी समजावून सांगायची गरज राहत नाही. दक्षिणेतून गेलेली मराठी फौज आता उत्तरेला आणि तिच्या घराच्या वाटेवर शत्रू. १४ जानेवारी १७६१ पर्यंतची उपासमार या चार खुणांमध्ये आधीच लिहिलेली आहे.

यमुनेचं आजचं पात्र मात्र १७६० चं धरून चालू नका. सपाटीतली नदी पात्र बदलत राहते. पाऊस संपल्यानंतरच्या चित्रात नदीच्या दोन्ही अंगांना शेतांमधून कमानीसारखे वळसे दिसतात, कुठे ओलसर गडद, कुठे वाळूचे फिकट. ती तिनं टाकलेली जुनी पात्रं. नदी ओलांडायचा उतार नेमका कुठं होता हे त्यातून ठामपणे सांगता येत नाही, पण नदीचा वावर किती रुंद पट्ट्यात आहे ते कळतं. पश्चिम यमुना कालव्याचं आजचं जाळंही वजा करा.

आता ज्या कादंबऱ्यांत गावच काल्पनिक आहे त्यांचं काय? माझं मत स्पष्ट आहे: लेखकानं नाव झाकलं असेल तर आपण ते उघडं करत बसू नये. 'झाडाझडती' (१९९१) धरणानं उठवलेल्या लोकांची कादंबरी आहे. ते धरण नेमकं कुठलं यावर वाद घालण्यापेक्षा आपल्या भागातलं कुठलंही धरण घ्या, राधानगरी, चांदोली, काळम्मावाडी, आणि त्याची एकाच वर्षाची दोन चित्रं शेजारी ठेवा, ऑक्टोबरचं आणि मे अखेरीचं. मे महिन्यात पाणी उतरतं आणि काठानं तपकिरी पट्टा उघडा पडतो. त्यात नीट पाहिलंत तर बांधांच्या रेघा, पाण्यात शिरणारी जुनी वाट, क्वचित घरांच्या जोत्यांचे चौकोन दिसतात. कुठल्याही एका गावचं नाव न घेता ती कादंबरी तिथं वाचता येते. हाच नियम 'झोंबी'लाही लावा. गाव खरं आहे म्हणून कुणाचं घर, कुणाचा मळा यावर खूण करून ती सगळीकडे पाठवू नका. तिथं आज माणसं राहतात.

जिथं आपल्याला सहजी जाता येत नाही तिथं तर उपग्रह हाच आधार. भालचंद्र नेमाड्यांच्या 'हिंदू'ची सुरुवात मोहेंजोदडोला होते. सिंधमधलं लारकाना शोधा, तिथून दक्षिणेला या. सिंधू पूर्वेला ठेवून उकरलेल्या भिंतींची जाळी दिसेल. स्तूपाच्या उंचवट्याजवळचं महास्नानगृह सुमारे १२ बाय ७ मीटरचं आहे, म्हणजे चांगल्या चित्रात ते आयताकृती ओळखू येतं आणि बाकीच्या घरांचं माप घ्यायला उपयोगी पडतं.

कामाची दोन पथ्यं. प्रत्येक खुणेच्या नावात चित्राची तारीख आणि पुस्तकातलं पान लिहा, 'कागल विहीर' एवढंच लिहून ठेवलंत तर महिन्यानं काही उपयोग नाही. आणि तीन रंग ठेवा: पुस्तकात स्पष्ट सांगितलेलं, त्यावरून आपण काढलेला अंदाज, आणि नुसता तर्क. गटात चर्चा करताना हे तीन रंग एकमेकांत मिसळले की भांडणं होतात.

सुरुवात 'झोंबी'पासून करा, कारण कागल कोल्हापूरहून वीसेक किलोमीटरवर आहे आणि चित्र जमिनीशी ताडून बघता येतं. आमच्या कामातही ही पायरी टाळता येत नाही. एप्रिलमधला एखादा रविवार धरा, सकाळी लवकर निघा. चित्राची मोठी छापील प्रत सोबत घ्या, मोबाइल नको; उन्हात पडदा दिसत नाही आणि पाचजणांना एकत्र बघता येत नाही. वयस्कर शेतकरी भेटले तर रामराम करून नकाशा त्यांच्या हातात द्या, उत्तर कुठं ते सांगा आणि विचारा, आजोबा, मोट असताना कुठल्या विहिरीला बारमाही पाणी असायचं आणि धाव कुठल्या अंगाला होती. ते बोट ठेवतील तिथं लगेच पेनानं खूण करा आणि तारीख लिहा.